डुकरांच्या पिलांचे खच्चीकरण आणि वायूची भूल

चाकणच्या शनिवारच्या बाजारात बैल घेण्यास आलेला शेतकरी जनावराचे दात पाहतो, खांदा पाहतो, चार पावले चालवून चाल पाहतो आणि बैल नीट खच्ची केलेला आहे ना, याचीही खात्री करून घेतो. ज्यांनी वयाची साठी ओलांडली आहे अशा शेतकरी बांधवांना गोऱ्हा बडविण्याची जुनी रीत आठवत असेल. गोऱ्ह्याला आडवे पाडून चारही पाय बांधीत, अंडाच्या वरील शिरा दोन काठ्यांमध्ये आवळून धरीत आणि मोगरीने वा दगडाने त्या ठेचीत. जनावर हंबरडा फोडी, कित्येक दिवस सुजेने फेंगडे चाले आणि क्वचित दगावेही. पुढे बर्डिझो चिमटा आला. कातडी न फाडता आतील शीर दाबून तोडणारे हे इटालियन अवजार पशुवैद्यकीय दवाखान्यांतून गावोगाव पोहोचले व बडविण्याची रीत मागे पडली. गोऱ्ह्याला आधी बधिर करण्याचे इंजेक्शन देऊन मग चिमटा लावणे, ही त्यापुढील सुधारणा होय.

ही सुधारणा बैलाच्या वाट्याला आली. डुकराच्या वाट्याला मात्र अद्याप पुरतेपणी आलेली नाही. डुकराचे वृषण गोऱ्ह्याप्रमाणे लोंबते नसून शरीरालगत, शेपटीखाली असतात. त्यामुळे तेथे चिमटा चालत नाही. कातडीला चीर देऊनच ते काढावे लागतात. हे काम बहुतेक ठिकाणी पात्याने, भूल न देता, पिलू उलटे धरून केले जाते. अनेक देशांत यासाठी वायूची भूल वापरात आली आहे. ती भूल काय आहे, तिच्यात गुण कोणते व धोके कोणते, आणि आपल्या भागातील वराहपालकाने आज नेमके काय करावे, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

खच्चीकरण कशासाठी?

नर डुक्कर वयात आले की त्याच्या मांसाला एक उग्र दर्प येऊ लागतो. त्याची कारणे दोन. वृषणात तयार होणारे अँड्रोस्टेनोन नावाचे द्रव्य चरबीत साठते. आणि आतड्यात अन्नाच्या कुजण्यातून निर्माण होणारे स्कॅटोल नावाचे द्रव्य वयात आलेल्या नराच्या शरीरातून लवकर बाहेर पडत नाही. सर्वच नरांच्या मांसाला हा वास येतो असे नाही. परंतु ज्याला येतो त्याचे मांस गिऱ्हाईक पुन्हा घेत नाही. याशिवाय वयात आलेले नर एकमेकांशी झुंजतात, अंगावर जखमा करून घेतात व माद्यांच्या मागे लागून वजन घटवितात. जेथे नर व मादी एकत्र वाढतात तेथे बहीणभावांची पैदास होऊन कळपाचा वाणही बिघडतो. म्हणून पैदाशीसाठी निवडलेले नर सोडून उरलेल्यांचे खच्चीकरण करण्याची प्रथा पडली आहे.

२०१९ च्या पशुगणनेप्रमाणे देशात सुमारे ९० लाख डुकरे आहेत. महाराष्ट्राचा वाटा त्यात लहान आहे. तथापि पिंपरी-चिंचवड व चाकणच्या औद्योगिक पट्ट्यात वाढत्या वस्तीमुळे मांसाला गिऱ्हाईक आहे आणि उपाहारगृहांतील उरलेले अन्नही मिळू शकते. असे अन्न उकळल्याशिवाय डुकरांना घालू नये, हे येथे सांगून ठेवणे अवश्य आहे. कारण २०२० साली ईशान्य भारतात प्रथम दिसलेला आफ्रिकन स्वाइन फीव्हर हा रोग अशा अन्नातूनही पसरतो आणि त्यावर औषध नाही.

पिलाला वेदना होते काय?

“साहेब, डुकराचं पिलू नुसतं उचललं तरी ओरडतं. ओरडणं ही त्याची जातच,” असे एका वराहपालकाने प्रस्तुत लेखकास ऐकविले होते. त्यांचे म्हणणे अर्धे खरे आहे. पिलू उचलल्यावर ओरडते. पण कातडीला चीर देताना आणि विशेषतः वृषणाची शीर ओढताना त्याचा आवाज अधिक उंच चढतो व ओरडणे वाढते, असे आवाजाच्या मोजणीवरून दिसून आले आहे. नंतरही ते पिलू थरथरते, पाठ वाकवून उभे राहते, भावंडांपासून दूर बसते आणि सडाशी कमी वेळ राहते. जन्मतःच पिलाच्या शरीरातील वेदनेच्या मज्जातंतूंचे काम सुरू झालेले असते. ‘लहान आहे, त्याला काय कळते’ हा समज म्हणूनच खरा नाही.

आणि वेदनेपाठोपाठ नुकसान येते. वरील वराहपालकाकडेच एका श्रावणात ६ नर पिलांचे खच्चीकरण घरच्या पात्याने झाले होते. पाते धुतलेले होते, उकळलेले नव्हते. गोठ्याची जमीन ओली होती. चौथ्या दिवशी तिघांच्या जखमांत अळ्या पडल्या व पुढे दोन पिले गेली. उरलेल्यांची वाढ भावंडांच्या मागे पडली. वेदनेने दूध कमी पिणारे पिलू थंडावते, थंडावलेले पिलू अधिकच कमी पिते आणि अशा अशक्त पिलावर डुकरीण आडवी झाली तर ते उठून बाजूला होऊ शकत नाही. म्हणजे पिलाची वेदना वाचविणे हा केवळ दयेचा प्रश्न नसून तो पदराला खार लागण्याचाही प्रश्न आहे.

वायूची भूल कशी दिली जाते?

या कामासाठी मुख्यतः आयसोफ्लुरेन हे औषध वापरतात. माणसांच्या शस्त्रक्रियागृहातही ते वापरात आहे. बाटलीत ते पातळ द्रव असते. परंतु सुमारे ४८ अंश सेंटिग्रेडलाच ते उकळत असल्यामुळे त्याची वाफ झपाट्याने होते. ‘व्हेपोरायझर’ नावाचे यंत्र ही वाफ प्राणवायूत किंवा हवेत ठरावीक प्रमाणात मिसळते. पिलांसाठी हे प्रमाण सुमारे ५ टक्के ठेवतात. पिलू उताणे ठेवण्यासाठी खाच असलेली चौकट असते व तिच्या टोकाला पिलाचे नाकतोंड नीट बसेल असा रबरी मुखवटा असतो.

कामाचा क्रम येणेप्रमाणे असतो. प्रथम पिलाला वेदनाशामक औषधाचे इंजेक्शन देतात व ते लागू पडण्यास निदान १५ ते २० मिनिटे जाऊ देतात. मग पिलू चौकटीत ठेवून नाकतोंड मुखवट्यात बसवितात. साधारण ७० ते ९० सेकंदांत ते गुंगते. यानंतर लगेच चीर द्यावयाची नसते; पायाच्या खुरांमधील कातडी चिमटून पाहावयाची असते. पाय आखडून घेतला तर भूल पुरती चढलेली नाही असे समजावे. पाय सैल राहिला तरच शस्त्रक्रिया करावी. मुखवटा नीट न बसल्यास किंवा पिलू फार लहानमोठे असल्यास काही पिले पुरती गुंगत नाहीत. म्हणून ही परीक्षा प्रत्येक पिलाची स्वतंत्र घ्यावी लागते. शस्त्रक्रिया संपून मुखवटा काढला की काही मिनिटांतच पिलू शुद्धीवर येते.

या पद्धतीचा मोठा गुण असा की चीर देतेवेळी पिलू खरोखर बेशुद्ध असते. तथापि तीन गोष्टी लक्षात ठेविल्या नाहीत तर हा गुण व्यर्थ जातो.

पहिली गोष्ट ही की, आयसोफ्लुरेन झोप आणते. पण शुद्धीवर आल्यानंतरची वेदना थांबवीत नाही. आधी दिलेले वेदनाशामक औषधच पुढील दुखणे हलके करते. म्हणून भूल आणि वेदनाशामक ही जोडी फोडता कामा नये. यासाठी पशुवैद्यक बहुधा मेलॉक्सिकॅम हे औषध सुचवितात. माणसांच्या औषधाच्या दुकानातून डायक्लोफेनॅक आणून जनावरांस टोचू नये. जनावरांसाठी त्याचा वापर २००६ साली बंद करण्यात आला. कारण ते औषध दिलेले जनावर मेल्यावर त्याचे मांस खाणारी गिधाडे मूत्रपिंड निकामी होऊन मरतात. ॲसिक्लोफेनॅक व केटोप्रोफेन यांवरही २०२३ साली अशीच बंदी आली.

दुसरी गोष्ट उबेची. गुंगीत पिलाच्या अंगातील ऊब झपाट्याने उतरते. पुरते शुद्धीवर येऊन पायांवर उभे राहीपर्यंत त्याला दिव्याच्या उबेत, कोरड्या पेंढ्यावर, आईपासून वेगळे ठेवावे लागते. गुंगीतले पिलू लगेच डुकरिणीजवळ सोडले तर ते तिच्या अंगाखाली चिरडण्याचा संभव असतो.

तिसरी गोष्ट माणसाच्या जपणुकीची. मुखवट्याच्या कडेने निसटलेली वाफ काम करणाऱ्याच्या नाकात जाते. ही यंत्रे आधी वापरात आलेल्या स्वित्झर्लंडमध्ये काही शेतकऱ्यांनी डोकेदुखी व चक्कर यांची तक्रार केली होती. म्हणून उरलेली वाफ शोषून घेणारी गाळणी, मोकळा वारा, मुखवट्याची वेळोवेळी तपासणी या गोष्टी अनिवार्य आहेत. गरोदर स्त्रियांनी या कामाच्या जवळपास थांबू नये.

इतर देशांचा अनुभव

नॉर्वेने २००२ साली भूल दिल्याशिवाय पिलांचे खच्चीकरण करण्यास बंदी केली व ते काम पशुवैद्यकाकडे सोपविले. तेथे मुख्यतः जागच्या जागी बधिर करण्याचे इंजेक्शन वापरतात. स्वित्झर्लंडमध्ये २०१० पासून अशीच बंदी आली व अनेक शेतकऱ्यांनी आयसोफ्लुरेनची यंत्रे घेतली. जर्मनीने २०१३ साली कायदा करून १ जानेवारी २०१९ ही तारीख ठरविली होती. परंतु शेतकऱ्यांची तयारी न झाल्यामुळे ती दोन वर्षे पुढे ढकलावी लागली व १ जानेवारी २०२१ पासून बंदी अंमलात आली. तेथे आयसोफ्लुरेन देण्याची मुभा शेतकऱ्यासही आहे. पण त्याने आधी शिक्षण घेऊन परीक्षा दिली पाहिजे व कसबाची चाचणी उत्तीर्ण केली पाहिजे. यंत्रांच्या खरेदीसाठी सरकारने अर्थसाहाय्यही दिले. श्रीमंत व संघटित शेतकऱ्यांच्या देशालाही या बदलास इतकी वर्षे लागली, हे ध्यानात घेण्याजोगे आहे.

नेदरलँड्समध्ये २००९ पासून निराळा वायू वापरण्यात आला. ७० टक्के कार्बन डायऑक्साइड व ३० टक्के प्राणवायू असे ते मिश्रण होते. पिलू त्याने लवकर बेशुद्ध होते खरे. परंतु शुद्ध हरपण्यापूर्वी ते धापा टाकते व सुटण्यासाठी धडपडते. नाकाच्या आतील ओल्या कातडीला हा वायू झोंबतो व जीव गुदमरल्यासारखा होतो. म्हणजे एक वेदना टाळण्यासाठी दुसरा त्रास दिल्यासारखे होते. यावरून, वायू म्हटला की तो दयाळूच असतो असे नाही, हा धडा घ्यावयाचा.

हा धडा चाकणच्या परिसरात विशेष महत्त्वाचा आहे. येथील एका तरुणाने, जो कारखान्यात पाळीने काम करतो आणि घरी चार डुकरिणी पाळतो, लेखकास सरळ विचारले, “साहेब, वेल्डिंगला कार्बन डायऑक्साइडची टाकी मिळते. पिंपात पिलू ठेवून तो वायू सोडला तर?” प्रश्न कळकळीचा होता, पण उत्तर ‘मुळीच नाही’ असेच द्यावे लागले. कारखान्यातील वायू औषधी शुद्धतेचा नसतो, पिंपात त्याचे प्रमाण मोजता येत नाही, प्राणवायू संपून पिलू मरते; आणि हा वायू हवेपेक्षा जड असल्यामुळे खाली साचून वाकलेल्या माणसाचाही जीव घेऊ शकतो. ईथर वा क्लोरोफॉर्म फडक्यावर ओतून हुंगविणे हेही तितकेच घातक आहे. ईथर तर ठिणगीने पेट घेते.

आपल्याकडे आज काय शक्य आहे?

दोनचार डुकरिणींच्या मालकाने आयसोफ्लुरेनचे यंत्र घेणे परवडणारे नाही व सुरक्षितही नाही. यंत्राची वेळोवेळी तपासणी करावी लागते, औषध पशुवैद्यकाच्या हातूनच वापरले जावे लागते आणि उन्हाळ्यात ते थंड जागी जपावे लागते. मोठ्या वराहक्षेत्रांनी, जेथे पिले नियमितपणे मोठ्या संख्येने होतात, पशुवैद्यकाच्या देखरेखीखाली या पद्धतीचा विचार करावा. शिरवळ येथील क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यकीय महाविद्यालय पुणे जिल्ह्याला जवळचे आहे. अशा क्षेत्रचालकांनी तेथील तज्ज्ञांचा सल्ला घेणे हिताचे होईल.

लहान वराहपालकासाठी आज हाताशी असलेला मार्ग म्हणजे जागच्या जागी बधिर करण्याचे इंजेक्शन आणि त्याच्या जोडीला वेदनाशामक औषध. यात लिग्नोकेन हे औषध वृषणाच्या भागात व वरील कातडीखाली टोचतात आणि ५ ते १० मिनिटे थांबून शस्त्रक्रिया करतात. पिलू जागे असते, टोचल्याचे त्याला कळते. परंतु चिरण्याची व शीर ओढण्याची तीव्र कळ पुष्कळच कमी होते. डेन्मार्कमध्ये २०१९ पासून हीच पद्धत रूढ झाली आहे. लिग्नोकेन आपल्या पशुवैद्यकीय दवाखान्यांत नित्य वापरले जाते. मात्रा पिलाच्या वजनावर ठरते व ती जास्त झाल्यास विषबाधा होते. म्हणून ती पशुवैद्यकानेच ठरवावी.

खच्चीकरण टाळण्याचाही मार्ग आहे. वयात येण्यापूर्वीच, कमी वजनावर नर विकता येत असतील तर कित्येकदा खच्चीकरणाची गरजच राहत नाही; इंग्लंड व आयर्लंड येथे बहुतांशी असेच करतात. काही देशांत वृषणाचे काम थांबविणारी लसही दोन वेळा टोचतात.

कायदा काय सांगतो?

प्राण्यांना क्रूरतेने वागविण्यास प्रतिबंध करणाऱ्या १९६० च्या अधिनियमातील कलम ११ खच्चीकरणास सूट देते, पण ती विहित रीतीने केलेल्या खच्चीकरणापुरतीच. भारतीय पशुवैद्यक परिषद अधिनियम, १९८४ याच्या कलम ३० मध्ये लसीकरण, खच्चीकरण व जखमेची मलमपट्टी ही किरकोळ पशुवैद्यकीय सेवा मानली असून, पदविका वा प्रमाणपत्र घेतलेल्या पशुधन कर्मचाऱ्यास राज्य शासनाच्या परवानगीने व नोंदणीकृत पशुवैद्यकाच्या देखरेखीखाली ती करता येते. वायूची भूल मात्र या किरकोळ सेवेत मोडत नाही. पाते हाती आहे म्हणून कोणीही पिले कापत फिरावे, असा याचा अर्थ नव्हे.

वराहपालकाने करावयाची तयारी

१. पिले नीट दूध पिऊ लागली की पहिल्या आठवड्यातच कोणते नर ठेवावयाचे व कोणते खच्ची करावयाचे हे ठरवावे. पिलू जितके लहान तितकी जखम लहान. मोठ्या नराचे खच्चीकरण पशुवैद्यकाने पूर्ण भूल देऊनच करावे.

२. आजारी, हगवण लागलेली वा अशक्त पिले त्या दिवशी वगळावी. ज्याच्या जांघेत फुगवटी दिसते त्या पिलास अंतर्गळ असू शकतो. चीर देताच आतडी बाहेर येतील. असे पिलू पशुवैद्यकास वेगळे दाखवावे.

३. शक्यतो कोरड्या हवेचा दिवस व सकाळची वेळ निवडावी. पावसाळ्यात काम करणे भाग पडल्यास माशी बसू नये अशा औषधाची तजवीज आधी करावी.

४. पिले ठेवण्याची जागा आदल्या दिवशी धुऊन वाळवावी व कोरडा पेंढा घालावा. लहान पिलांना सुमारे ३० अंश सेंटिग्रेडची ऊब लागते. दिवा टांगून तिची सोय करावी.

५. डुकरीण व पिले यांमध्ये भक्कम आडोसा असावा. पिलाचा आवाज ऐकून डुकरीण चवताळते व माणसास चावते.

६. हत्यारे दर गोठ्यास उकळून घ्यावी. एका गोठ्याचे पाते, दोर वा पादत्राण तसेच दुसऱ्या गोठ्यात नेऊ नये.

७. धनुर्वाताच्या लसीबाबत पशुवैद्यकास आधीच विचारावे.

८. पुढील ७ दिवस रोज जखम पाहावी. सूज, दुर्गंधी, अळ्या वा रक्तस्राव दिसताच दवाखान्यात कळवावे. फिरत्या पशुचिकित्सा पथकासाठी १९६२ या क्रमांकावर दूरध्वनी करता येतो.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांस सूचना

वराहपालक आपणहून दवाखान्यात येईल अशी वाट पाहू नये. कित्येक गावांत डुकरे पाळणाऱ्या कुटुंबांची वस्ती गावाबाहेर असते आणि गायीम्हशींसाठी भरणाऱ्या शिबिराची बातमी तेथवर पोहोचतही नाही. कार्यकर्त्यांनी अशा वस्तीत स्वतः जावे, कोणाकडे केव्हा पिले व्हावयाची आहेत त्याची नोंद ठेवावी, आणि जवळच्या तीनचार पालकांची पिले एकाच आठवड्यात येत असतील तर पशुवैद्यकाची फेरी एकाच दिवशी ठरवावी. फेरी एक असली तरी प्रत्येकाची पिले त्याच्याच गोठ्यात हाताळावी. सर्वांची पिले एके ठिकाणी गोळा करू नयेत, कारण त्यायोगे रोग पसरतो. एका फेरीत अनेकांचे काम झाल्याने पशुवैद्यकाचा वेळ वाचतो व बधिर करण्याचे औषध वापरण्यास ‘वेळ नाही’ ही सबब उरत नाही.

चाकणच्या बाजारात आज बैल मोगरीने बडवून आणला आहे असे कोणी अभिमानाने सांगणार नाही. बैलाच्या बाबतीत जे घडले ते डुकराच्या बाबतीतही घडू शकते. वायूची भूल आज प्रत्येक गोठ्यात येणार नाही. पण एक सुई, दहा मिनिटांचा धीर आणि उबदार पेंढा यांची सोय प्रत्येक वराहपालकास करता येईल. वर ज्या तरुणाचा उल्लेख केला त्याने टाकीचा विचार सोडून दिला व पुढच्या वेताला पशुवैद्यकास बोलाविले. ५ नर पिलांना बधिर करून खच्ची करण्यात आले. आठव्या दिवशी जखमा कोरड्या होत्या आणि पाचही पिले आईच्या सडाला लागलेली होती.